आपल्या संघाला शिट्टी न मारणारी माणसं

क्योपेनिककर

बर्लिनला येऊन मला आता बरीच वर्षं झाली. पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसमधला एक सहकारी मला युनियन बर्लिन या फुटबॉल क्लबच्या मॅचला घेऊन गेला. संघ तेव्हा दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. मी वाढलो कोल्हापुरात. शाहू स्टेडियमवर आपला फॉरवर्ड बॉल घेऊन सुटला की दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायची, हे मला बाराखडीइतकं पाठ. इथेही आमचा विंगर दोघांना चकवून आत घुसला आणि मी सवयीनं जोरात शिट्टी मारली. शेजारी साठीतले एक गृहस्थ उभे होते. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि आवाज न चढवता म्हणाले, "इथे आपल्या मुलांना शिट्टी मारत नाहीत."

मला काही कळेना. सहकाऱ्यानं नंतर समजावलं की जर्मनीत प्रेक्षकांची शिट्टी म्हणजे निषेध. बाकीच्या मैदानांवर संघ वाईट खेळला की शिट्ट्यांचा पाऊस पडतो. या मैदानावर मात्र स्वतःच्या संघाला शिट्टी मारायची नाही आणि सामना संपेपर्यंत जागा सोडायची नाही, असे दोन अलिखित नियम आहेत. ते कुठल्याही तिकिटावर छापलेले नाहीत, पण पाळले जातात.

तेव्हापासून हा प्रश्न मला सोडत नाही. काही क्लबांचे चाहते नाराजी इतकी क्वचित का दाखवतात? धागा त्यासाठीच काढलाय.

२०२३ची शरद ऋतूतली गोष्ट सांगतो. आदल्या मोसमात युनियन बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या पहिल्या श्रेणीत, चौथा आला होता आणि पहिल्यांदाच चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेत, पोचला होता. रेआल माद्रिदविरुद्ध ९४व्या मिनिटाला बेलिंगहॅमनं गोल केला आणि ०-१ने हरलो. ब्रागाविरुद्ध २-०ने पुढे असून २-३ने हरलो. लीग, युरोप आणि जर्मन चषक मिळून सलग १२ सामने हरलो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला फ्रँकफुर्टनं आम्हाला घरच्या मैदानावर ०-३ने हरवलं. मी त्या दिवशी उभ्याच्या स्टँडमध्ये होतो. सामना संपल्यावर खेळाडू मान खाली घालून आमच्याकडे आले आणि लोक टाळ्या वाजवत होते, गात होते. ती सहानुभूतीची मिणमिणती टाळी नव्हती, पूर्ण छातीनं गात होते. माझ्या पोटात गोळा आला. मीही गायलो. पण घरी परतताना ट्राममध्ये वाटत राहिलं की हे प्रेम आहे, की डोळे मिटून घेणं आहे?

थोड्याच दिवसांत प्रशिक्षक उर्स फिशर गेले. २०१८पासून तेच होते, संघाला वर त्यांनीच आणलं होतं. त्यांच्या विरोधात स्टँडमधून एक घोषणा मी ऐकली नाही. त्या मोसमाच्या शेवटच्या दिवशी, फ्रायबुर्गविरुद्ध, वाढीव वेळेत पेनल्टी हुकल्यावर परत आलेला बॉल आमच्या हाबररनं आत मारला, तेव्हा कुठे संघ खाली घसरण्याच्या धोक्यातून वाचला.

आता थोडं मागे जायला हवं, नाहीतर हे कळणार नाही. क्लब १९६६चा, पूर्व बर्लिनमधला. शहरातला दुसरा क्लब, बीएफसी डायनॅमो, गुप्त पोलिसांच्या म्हणजे श्टाझीच्या वरदहस्ताचा. तो १९७९ ते १९८८ सलग दहा वेळा पूर्व जर्मनीचा विजेता होता. युनियनच्या खात्यात १९६८चा एक चषक. फ्री किकसाठी प्रतिस्पर्ध्यांनी भिंत उभी केली की युनियनचे लोक ओरडायचे, "भिंत हटलीच पाहिजे!" त्या शहरात, त्या काळात. ऐकणाऱ्या सगळ्यांना कळायचं कुठली भिंत ते. या माणसांना बोलायची भीती होती म्हणून ती गप्प बसतात, असं म्हणता येणार नाही.

भिंत पडल्यावर पैशाचे हाल झाले. १९९७मध्ये क्लब बुडायच्या बेतात होता. २००४मध्ये लीगमध्ये खेळायच्या लायसन्ससाठी रक्कम उभी करायची होती, तेव्हा चाहत्यांनी 'युनियनसाठी रक्त' अशी मोहीम काढली आणि खरोखर रक्तदान केलं. त्याबद्दल मिळणारे पैसे क्लबला दिले. पुढच्याच वर्षी क्लब चौथ्या श्रेणीत घसरला. मग २००८-०९मध्ये मैदानाची दुरुस्ती केल्याशिवाय खेळायची परवानगी मिळेना आणि पैसे तर नव्हते. २,०००हून जास्त चाहत्यांनी मिळून सुमारे १,४०,००० तास फुकट काम केलं. कुणी सिमेंट ओतलं, कुणी पायऱ्या घातल्या, कुणी जेवण शिजवलं. त्या मैदानात आज २२,०१२ माणसं मावतात आणि बसायच्या खुर्च्या फक्त ३,६१७ आहेत. बाकी सगळे उभे.

माझ्या दंडावर हात ठेवणारे ते गृहस्थ (पुढे ओळख झाली, त्यांना इथे 'काका' म्हणतो) व्यवसायानं सुतार होते. आम्ही ज्या पायरीवर उभे राहतो तिच्या काँक्रीटसाठीच्या फळ्या त्यांनी ठोकल्या होत्या. मला याचं उत्तर तिथेच दिसतं. स्वतः बांधलेल्या घरात आपलं पोर नापास होऊन आलं तर आपण दारात उभं राहून गल्लीला ऐकू जाईल असं ओरडत नाही. ओरडायचं ते आत.

आणि आत ओरडायची सोय इथे आहे. जर्मनीत १९९८पासून '५० अधिक १'चा नियम आहे. क्लबनं संघ कंपनीत घातला तरी मतांचं बहुमत सदस्यांच्या संस्थेकडेच राहायला हवं. सदस्य सभेत उठून विचारू शकतो. ज्याच्या हातात मत आहे त्याला शिट्टीची गरज कमी लागते, असं माझं मत बनलंय.

तुमच्या क्लबचे अनुभव सांगा. कुठलाही क्लब चालेल, तालमीचा संघही.

रानजाई

वाचतेय. फुटबॉल मला फारसा कळत नाही, पण शिट्टीचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला.

मंगळवारातला

काय लिहिलंय राव. आमच्याकडचं सांगतो.

आमच्या तालमीच्या संघात जी पोरं खेळतात त्यातली निम्मी माझ्या डोळ्यांसमोर वाढली. गोलकीपरची आई रोज सकाळी माझ्या दुकानात दूध घ्यायला येते. आता त्यानं मॅचमध्ये बॉल हातातनं सोडला, तर मी स्टँडमधनं त्याला काय म्हणणार? दुसऱ्या दिवशी तिच्यापुढं तोंड कसं दाखवायचं? म्हणून मैदानात आपल्या पोराला कोण काही बोलत न्हाई. समोरच्या पेठेला बोलतात, नको तितकं बोलतात, त्यातनं हाणामाऱ्या झाल्यात आणि कोल्हापूरच्या फुटबॉलचं नाव खराब झालंय, ते मला आवडत न्हाई.

पण मॅच झाली की रात्री तालमीच्या दारात सगळे जमतात. तिथं कुणाची गय न्हाई. वस्ताद, जुने खेळाडू, पानवाला, सगळे तोंडावर सांगतात, "तू दुसऱ्या हाफमध्ये पळत नव्हतास." पोरगं खाली मान घालून ऐकतं. तुमचं 'आत ओरडायचं' ते हेच.

एक मात्र सांगतो. जे खरं बोलायला पाहिजे ते तिथंबी बोललं जात न्हाई. गेल्या काही वर्षांत संघ बाहेरनं खेळाडू आणतात, परदेशातलेबी. चषक पाहिजे, मग पैसा पाहिजे, मग पैसा देणारा पाहिजे. गल्लीतलं पोरगं बाकावर बसतं. म्हातारी माणसं आपसात कुजबुजतात, पण पैसे देणाऱ्यापुढं कोण तोंड उघडत न्हाई. कारण तो बी आपलाच, आणि तो उठून गेला तर संघ कसा चालणार? ही भीती तुमच्या त्या बर्लिनमध्ये न्हाई वाटतं.

सरळप्रश्न

धागाकर्त्याच्या भावना पोचल्या, पण मला हे पटत नाही. मी लिव्हरपूलचा चाहता, पुण्यात बसून वीस वर्षं मॅच बघणारा. आमच्या चाहत्यांइतकी निष्ठा क्वचित कुठे असेल. तरी फेब्रुवारी २०१६मध्ये नव्या स्टँडचं सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचं करायचं ठरलं, तेव्हा सुंदरलँडविरुद्धच्या सामन्यात ७७व्या मिनिटाला हजारो लोक उठून मैदानाबाहेर पडले. संघ २-०ने जिंकत होता. लोक गेले आणि सामना २-२ झाला. चार दिवसांत मालकांनी माफी मागून दर मागे घेतले.

एप्रिल २०२१मध्ये सुपर लीगची, म्हणजे युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या वेगळ्या स्पर्धेची, घोषणा झाली तेव्हाही तेच. इंग्लंडचे सहाही क्लब दोन दिवसांत माघारी फिरले, कारण लोक रस्त्यावर उतरले.

म्हणजे निष्ठा आणि आवाज यांच्यात वैर नाही. 'शेवटपर्यंत जागा सोडायची नाही' हा नियम तिथे असता तर तिकीट आज ७७ पौंडांना विकलं गेलं असतं. गप्प बसणाऱ्या चाहत्याचं कौतुक सगळ्यांत जास्त मालकच करतात. १२ सामने हरल्यावर गाणं म्हणणं मला सुंदर वाटत नाही, काळजीचं वाटतं. माझा थेट प्रश्न: तुमचे काका क्लबच्या एखाद्या निर्णयावर खरंच नाराज होते, असं कधी झालं का? आणि तेव्हा त्यांनी काय केलं?

क्योपेनिककर

@मंगळवारातला, तुमचा शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. पैसे देणाऱ्यापुढची गप्प बसणूक आणि पोरासाठीची गप्प बसणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी मूळ लेखात नीट वेगळं केलं नव्हतं.

@सरळप्रश्न, एक दुरुस्ती. युनियनचे चाहते आंदोलनं करत नाहीत असं नाही. ऑगस्ट २०१९मध्ये बुंडेसलिगातला आमचा पहिलावहिला सामना होता, लाइपझिगविरुद्ध. त्या क्लबामागे शीतपेयाच्या कंपनीचा पैसा आहे आणि तिथे मत असलेले सदस्य बोटांवर मोजण्याइतके. त्याच्या निषेधासाठी आमचं अख्खं मैदान पहिली १५ मिनिटं गप्प राहिलं. ५३ वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला, आणि माणसांनी आवाज गिळून धरला. त्याच दिवशी अनेकांनी आपल्या वारलेल्या माणसांचे मोठे फोटो उंच धरले होते, हा दिवस न बघता गेलेल्या आई-वडिलांचे, मित्रांचे. आम्ही ०-४ने हरलो. त्या १५ मिनिटांइतकं मोठ्यानं बोललेलं मी कुठल्याच मैदानात ऐकलं नाही.

२०२३-२४च्या हिवाळ्यात लीगनं बाहेरचा गुंतवणूकदार आणायचं ठरवलं, तेव्हा जर्मनीभर चाहत्यांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले. फेब्रुवारीत लीगला तो बेत सोडावा लागला.

काकांबद्दलचा प्रश्न मात्र रास्त आहे. विचार करून उत्तर देतो.

आकडेमोड

डिसेंबर २०२४ विसरू नका. बोखुमच्या गोलकीपरला युनियनच्या स्टँडमधून फेकलेला लायटर लागला होता. मैदानावर १-१ झालेला सामना शेवटी बोखुमला २-०ने बहाल केला गेला. हे प्रेक्षक संत नाहीत.

क्योपेनिककर

खरं आहे. मला त्या दिवशी लाज वाटली होती. लायटर एकानं फेकला, गुण अख्ख्या संघाचे गेले. लिहायला हवं होतं, लिहिलं नाही, ही माझी चूक.

टाइनकाठची

मी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला नर्स आहे, २०१०पासून. इथली गप्प बसणूक वेगळी आहे, म्हणून लिहिते.

माइक ॲशली २००७मध्ये इथल्या न्यूकॅसल युनायटेड क्लबचे मालक झाले. त्यांच्या काळात क्लब दोनदा खालच्या श्रेणीत गेला, २००९ आणि २०१६मध्ये. सेंट जेम्सेस पार्क हे शंभर वर्षांहून जुनं नाव झाकून मैदानाला त्यांच्या दुकानांचं नाव दिलं गेलं. फलक निघाले, मोर्चे निघाले, बहिष्काराचे प्रयत्नही झाले. तरी शनिवारी मैदान भरायचं, पन्नास हजारांच्या आसपास. मी वॉर्डातल्या एका आजोबांना विचारलं होतं, एवढे चिडलाय तर जाता कशाला? ते म्हणाले, ही जागा माझ्या वडिलांची होती. मोसमाचं तिकीट एकदा सोडलं की परत कधी मिळेल याचा नेम नाही. तिकडे जागा नुसती जागा नसते. शेजारच्या खुर्चीवर चाळीस वर्षं तोच माणूस असतो. क्लबवर राग आला म्हणून त्या माणसाला भेटणं कसं सोडायचं?

हे मला फार आतून कळलं, कारण मी इथे एकटी आले होते आणि माणसं गोळा करायला मला किती वर्षं लागली ते मला माहीत आहे.

मग ऑक्टोबर २०२१मध्ये क्लब विकला गेला. मोठा वाटा सौदी अरेबियाच्या सरकारी निधीनं घेतला. मैदानाबाहेर लोक नाचले. त्यानंतर एक नवी शांतता आली. तिथल्या तुरुंगांबद्दल, फाशीच्या शिक्षांबद्दल कुणी विषय काढला की चांगली, दयाळू माणसंही दुसरीकडे बघतात. काही चाहते जाहीरपणे विरोध करतात, त्यांची संख्या लहान आहे. बाकीच्यांना वाईट म्हणायला माझी जीभ वळत नाही. चौदा वर्षं हेटाळणी सोसलेल्या माणसाला कुणीतरी हात दिला की तो कुणाचा हात आहे हे विचारायचं त्राण उरत नाही. मार्च २०२५मध्ये लिव्हरपूलला २-१ने हरवून लीग चषक जिंकला, देशातला ७० वर्षांतला पहिला मोठा चषक. वॉर्डात रडले लोक. मीही रडले. आणि तरी तो विषय माझ्या घशात अडकून आहे.

म्हणून क्योपेनिककर, घर स्वतः बांधलं म्हणून गप्प, हे तुमच्याकडचं उत्तर. आमच्याकडे घर हातातून गेलं होतं, ते परत मिळेल या आशेपायी गप्प.

सरळप्रश्न

ताई, हे वाचल्यावर माझा सूर जरा खाली आला. मत बदललेलं नाही, पण मी कोचावर बसून लिहितोय याची जाणीव झाली. माझी कुठली जागा जाणार नाही, कुठला शेजारी तुटणार नाही.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितो. वरच्या सगळ्यांकडे निदान क्लब आहे.

धेंपोनं राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवलं. साळगावकरनं दोनदा. माझ्या मामांबरोबर मी फातोर्ड्याच्या स्टेडियमवर जायचो. तेव्हा क्लबवर टीका करायची हे आमच्या मनातच यायचं नाही, कारण क्लब होता खाणमालक घराण्यांचा. ते चालवायचे, पैसे घालायचे, खेळाडूंना नोकऱ्या द्यायचे. आम्ही पाहुणे. पाहुण्यानं जेवणाला नावं ठेवू नयेत, अशी आमची रीत.

२०१२मध्ये खाणी बंद झाल्या. २०१६मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा हे तिन्ही संघ आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले. देशातल्या फुटबॉलची नवी रचना त्यांना मान्य नव्हती आणि त्यांचं म्हणणं मला आजही बरोबर वाटतं. पण आमचं कोणी विचारलं नाही. विचारायला कुठे सभा नव्हती, सदस्यत्वाची पावती नव्हती, काही नव्हतं. एका सकाळी पेपरात वाचलं. मामांनी पेपर घडी करून ठेवला आणि बागेत नारळाला पाणी घालायला गेले. त्या दिवसानंतर त्यांनी फुटबॉलबद्दल चांगलं वा वाईट काहीच बोलणं सोडलं. धेंपो नंतर आय-लीगमध्ये परत आला, ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली.

नाराजी न दाखवणाऱ्या चाहत्यांत अशीही माणसं मोजा. ती मैदानात दिसत नाहीत म्हणून त्यांची मोजदाद होत नाही.

मंगळवारातला

मामांना नमस्कार सांगा.

रानजाई

फुटबॉल कळत नाही म्हणाले होते. आता बर्लिनच्या काकांचं उत्तर वाचल्याशिवाय जाणार नाही.

क्योपेनिककर

उशीर झाला, माफ करा. सरळप्रश्न यांच्या प्रश्नानं मला अडचणीत टाकलं होतं, म्हणून काल काकांना भेटून आलो.

झालं असं होतं. चॅम्पियन्स लीगचे घरचे तीन सामने क्लबनं आमच्या मैदानावर न खेळवता शहराच्या पश्चिम टोकाला, ऑलिम्पिया स्टेडियमवर खेळवले. तिथे सत्तर हजारांवर माणसं मावतात. जास्त सदस्यांना सामना बघता यावा हा विचार त्यामागे होता आणि मला तो पटला होता. मी तिन्ही सामन्यांना गेलो. काका दिसले नाहीत तेव्हा वाटलं गुडघे दुखत असतील. नंतर मी कधी विचारलंही नाही.

काल विचारलं. गुडघ्यांचा काही संबंध नव्हता. रेआल माद्रिद क्योपेनिकच्या, म्हणजे आमचं मैदान आहे त्या भागाच्या, जंगलातल्या त्या पायवाटेनं चालत आमच्या मैदानावर यायला हवं होतं, एवढंच त्यांचं म्हणणं. ज्या पायऱ्या चौथ्या श्रेणीतून वर येताना चालल्या त्या युरोपला का चालू नयेत? त्यांनी तिन्ही सामने स्वयंपाकघरात बसून रेडिओवर ऐकले. माद्रिदविरुद्धचा घरचा सामना २-३ने गेला, त्याही रात्री.

"मग तुम्ही कुणाला काहीच बोलला नाहीत?" मी विचारलं.

त्यांना माझ्या प्रश्नाचं आश्चर्य वाटलं. क्लबला पत्र लिहिलं होतं म्हणाले, हातानं, चार पानी. उत्तर आलं होतं. ते आतून घेऊन आले आणि मला दाखवलं. पटलं का विचारल्यावर नाही म्हणाले. डिसेंबरमध्ये पुढचा लीगचा सामना होता आपल्या मैदानावर, त्याला ते होते. माझ्या शेजारीच उभे होते, गात होते, मला आठवतंय.

शनिवारी सामना आहे. सरळप्रश्न, कधी इकडे आलात तर आमच्या पायरीवर एक जागा होईल.

सरळप्रश्न

येईन. शिट्टी मारणार नाही, एवढं आत्ताच सांगतो. पण काकांच्या त्या पत्राबद्दल मला त्यांच्याशी बोलायचंय.